परदेशात संसार मांडताना: पहिल्या वर्षाची कामं कोणत्या क्रमाने करावीत

जोडपं नव्या देशात उतरतं आणि ज्याची नोकरी आहे तो पहिल्याच आठवड्यात सगळं उरकून टाकतो. घराचा करार त्याच्या नावावर, बँक खातं त्याचं, विजेचं बिल त्याच्या ईमेलवर, डॉक्टरचा नंबर त्याच्या फोनमध्ये. हेतू चांगलाच असतो, जोडीदाराला त्रास नको. पण चार महिन्यांनी साधं पार्सल सोडवायचं म्हटलं तरी त्या जोडीदाराला दुसऱ्याच्या ऑफिसात फोन लावावा लागतो. मग एकाला वाटतं की सगळा भार माझ्यावर पडलाय, आणि दुसऱ्याला वाटतं की इथे माझं म्हणून काहीच नाही. दोघांचंही खरं असतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, कारण पुढचं काम बऱ्याचदा मागच्या टप्प्यातल्या एखाद्या कागदावर अडतं. ज्याच्या नोकरीमुळे स्थलांतर झालं त्याला मी इथे ‘नोकरदार’ म्हणते, आणि ज्याचा व्हिसा त्याच्यावर अवलंबून आहे त्याला ‘सोबती’. नवरा कोण आणि बायको कोण, याने क्रमात काही फरक पडत नाही.

टप्पा १: निघण्याआधी दोन महिने, दोघांच्या दोन फायली

नोकरदाराचे कागद कंपनी मागते, म्हणून ते होतात. सोबत्याचे कागद कोणीच मागत नाही, म्हणून ते मागे राहतात. सहा महिन्यांनी नोकरीचा किंवा अभ्यासक्रमाचा अर्ज भरायला बसलं की गुणपत्रिका आठवतात, आणि त्या जुन्या घरातल्या कपाटात असतात.

म्हणून एक फाइल नको, दोन करा. प्रत्येकाच्या फाइलमध्ये हे हवं:

१. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, जन्माचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र (दोन्ही फायलींत).
२. पदवी, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, नोकरीची अनुभवपत्रं.
३. लसीकरणाच्या नोंदी, जुनी प्रिस्क्रिप्शन्स, चष्म्याचा नंबर, मोठ्या आजाराचे किंवा शस्त्रक्रियेचे कागद.
४. वाहन परवाना आणि तो पहिल्यांदा कधी मिळाला याचा पुरावा.

पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि पदवी शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, मधलं नाव एका कागदावर असून दुसऱ्यावर नसेल, तर दुरुस्ती निघण्याआधीच करा. परदेशातून हेच काम करायला कित्येक पटींनी वेळ लागतो.

आता ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सांगणारा, परदेशात चालणारा शिक्का. १९६१ चा हेग करार दोन्ही देशांमध्ये एकमेकांसाठी लागू असेल तर सरकारी कागदावर हा एक शिक्का पुरतो. नसेल तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा आणि मग त्या देशाच्या दूतावासाचा, अशी शिक्क्यांची साखळी पूर्ण करावी लागते. ओळखीच्यांनी दिलेला जुना सल्ला इथे फसवतो. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधी तिथे गेलेल्यांनी जे केलं ते आज करायची गरज नाही.

आधी ॲपोस्टिल, मग भाषांतर. उलट केलंत तर शिक्क्याचं भाषांतर राहून जातं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. भाषांतर कोणाचं चालेल हेही आधी विचारा. बऱ्याच देशांत तिथल्याच नोंदणीकृत भाषांतरकाराचं लागतं, आणि मग इथे केलेला खर्च वाया जातो.

औषधांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण ही चूक विमानतळावर भोवते. घरी सहज मिळणारी गोळी दुसरीकडे बेकायदा असू शकते. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांवर कडक निर्बंध आहेत. नेहमीच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन डॉक्टरांकडून जेनेरिक, म्हणजे औषधातल्या मूळ घटकाच्या नावानेच लिहून घ्या. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे कोणी ओळखत नाही.

सावधान: जुना मोबाइल नंबर बंद करू नका. जुन्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. दोघांपैकी कोणाचा नंबर कोणत्या खात्याला जोडलाय हे लिहून काढा.

तपासा: नोकरदार उद्या एकटाच पुढे गेला, तर सोबत्याला स्वतःची फाइल उचलून व्हिसा अधिकाऱ्यापुढे एकट्याने उभं राहता येईल का?

टप्पा २: तिकीट काढण्याआधी, सोबत्याचा व्हिसा शब्द न् शब्द वाचा

‘तिथे गेल्यावर बघू’ या एका वाक्याने जितकी कटुता आणली आहे तितकी दुसऱ्या कशानेच आणलेली मी पाहिली नाही. नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की अंदाजाने चालत नाही.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करता येते. जपानमध्ये डिपेंडंट, म्हणजे जोडीदारावर अवलंबून असलेला सोबती म्हणून आलेल्याला वेगळी परवानगी काढावी लागते, आणि तीही आठवड्याला २८ तासांपर्यंतच्या कामाची. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवाल्याला नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास लागतो. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, आणि त्यावर असलेल्यांना सरसकट काम करता येत नाही. एच-१बी जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल तरच २०१५ पासून वर्क परमिट मिळू लागलं.

सरकारी संकेतस्थळावरून या पाच प्रश्नांची उत्तरं काढा आणि दोघांनी बसून वाचा:

१. सोबत्याला काम करता येईल का, किती तास, कोणती परवानगी काढून?
२. जुन्या देशातल्या कंपनीचं काम घरबसल्या करणं चालेल का?
३. शिकायला प्रवेश घेता येईल का, त्यासाठी व्हिसा बदलावा लागेल का?
४. नोकरदाराची नोकरी गेली तर दोघांना किती दिवसांत देश सोडावा लागेल?
५. दोघांच्या व्हिसाची मुदत एकाच दिवशी संपते का?

दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. पगार जुन्या देशात जमा होतो म्हणून ते काम मोजलं जात नाही, असं नाही. अनेक देशांत तुम्ही बसला आहात कुठे, यावर ठरतं. विनामोबदला काम म्हणजे आपोआप स्वयंसेवा, असंही नाही. एरवी पगार देऊन करून घेतलं जाणारं काम फुकट केलं तरी ते नियमभंगात मोडू शकतं.

उत्तरं मनासारखी नसतील तर तसं स्पष्ट बोला. सोबत्याने किती काळ नोकरीविना राहायचं, त्यानंतर काय करायचं, याचा आकडा आणि तारीख ठरवा. ‘थोडे दिवस’ म्हणजे एकाच्या मनात सहा महिने असतात आणि दुसऱ्याच्या मनात तीन वर्षं.

टप्पा ३: पहिले पंधरा दिवस, पत्ता, नोंदणी, बँक, फोन

इथे क्रम चुकला की माणूस गोल गोल फिरतो. बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकेचं खातं विचारतो, फोनचं कनेक्शन दोन्ही मागतं. हे कोडं सोडवायची वाट बहुधा अशी: आधी नोकरीचं पत्र, त्यावर तात्पुरतं घर, त्या घराच्या पत्त्यावर सरकारी नोंदणी, नोंदणीच्या कागदावर बँक, आणि बँकेच्या जोरावर बाकी सगळं. तात्पुरतं घर घेताना एकच प्रश्न आधी विचारा: या पत्त्यावर आम्हा दोघांना नोंदणी करता येईल का? बरीच अल्पमुदतीची घरं ही परवानगी देत नाहीत आणि पैसे भरल्यावर ते कळतं.

नोंदणीची मुदत सैल नसते. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोहोचल्यापासून ५ दिवसांत, जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, जपानमध्ये पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत नोंद करावी लागते. प्रवासाचा शीण आहे म्हणून आठवडा झोपेत घालवू नका.

भाडेकरारावर दोघांची नावं घालून घ्या. मालक एकाच नावावर अडून बसला तर निदान ‘सोबत राहणारी व्यक्ती’ म्हणून सोबत्याचं नाव लेखी येऊ द्या. वीज, पाणी, इंटरनेट यांपैकी किमान एक बिल सोबत्याच्या नावावर घ्या. पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे तेच दाखवता येतं. बाकीच्या खात्यांवर सोबत्याला ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणून जोडा.

हे मी इतकं का सांगते? आमच्या तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी फक्त आमच्याच घरातली वीज गेली. नवरा विमानात होता, रात्री उशिरा उतरणार होता. मी मोबाइलच्या उजेडात मीटरवरचा नंबर वाचून वीज कंपनीला फोन केला. पलीकडची बाई अगदी सौजन्याने बोलत होती, पण वाक्य एकच: “खातेदाराशीच बोलता येईल.” पत्ता माझा, अंधार माझ्या घरात, शेजारच्या खोलीत रडणारं मूल माझं, आणि त्या खात्यात मी कोणीच नव्हते. फोन ठेवला तेव्हा बॅटरी ९ टक्क्यांवर आली होती. दुसऱ्या दिवशी माझं नाव जोडायला आम्हाला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं पहिल्याच आठवड्यात काढायला हवी होती.

तपासा: टपालपेटीवर दोघांची आडनावं लावली का? जर्मनीसारख्या देशात पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्ता बरोबर असूनही बँकेचं कार्ड परत जातं.

टप्पा ४: पहिला महिना, डॉक्टर आणि आणीबाणी

आजारी पडल्यावर डॉक्टर शोधू नका. बऱ्याच देशांत आधी फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं आणि तज्ज्ञाकडे जायची वाट त्यांच्याच चिठ्ठीने उघडते. दोघांची नोंदणी वेगवेगळी करा, ईमेल आणि फोन ज्याचा त्याचा द्या. सोबत्याच्या तपासणीचा निरोप नोकरदाराच्या ईमेलवर जाणं कोणालाच सोयीचं नाही.

विमा वाचताना तीन जागा बघा: सोबत्याचं नाव कोणत्या तारखेपासून आत आहे, गरोदरपणासाठी थांबायचा काळ आहे का, आणि आधीपासूनच्या आजारांचं काय.

आणीबाणीचा नंबर दोघांना तोंडपाठ हवा. युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. जपानमध्ये रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११९ तर पोलिसांसाठी ११०. नंबर लागल्यावर पहिला प्रश्न असतो, कुठून बोलताय? म्हणून घराचा पत्ता तिथल्या उच्चारात म्हणायचा सराव करा. हसू नका, खरंच करा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गल्लीचं नाव सांगता येत नाही.

सावधान: भाषा येत नसेल तर दवाखान्यात जोडीदाराला दुभाषा करू नका. काही गोष्टी माणूस जोडीदारासमोर डॉक्टरांना सांगत नाही, आणि काही वेळा जोडीदार भाषांतर करताना घाबरून मऊ करतो. दुभाषा मिळतो का ते विचारा. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दवाखान्यात तो विनामूल्य मिळतो.

टप्पा ५: दुसरा महिना, पैसा

हा भाग लांबवत नाही, कारण काम सोपं आहे. अवघड असतो तो संकोच.

घरखर्चाचं जॉइंट खातं उघडा आणि दोघांकडे स्वतंत्र कार्ड ठेवा. त्याशिवाय दोघांच्या नावे दरमहा समान, हिशेब न विचारला जाणारा पैसा ठेवा. रक्कम लहान असली तरी चालेल. वर्षानुवर्षं स्वतःचं कमावलेल्या माणसाला केस कापायला पैसे मागावे लागले की तो ते तोंडाने बोलत नाही, पण विसरतही नाही.

जुन्या देशातला पतइतिहास (कर्ज आणि बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) सहसा सोबत येत नाही, म्हणून नियम परवानगी देत असतील तिथे सोबत्याच्या नावावरही तो उभा करायला सुरुवात करा. अनेक देश १८३ दिवसांच्या मुक्कामावरून कर-निवासी (करासाठी तिथला रहिवासी) ठरवतात, त्यामुळे दोघांच्या प्रवासाच्या तारखा एका वहीत नोंदवत राहा. आणि दोघांच्या परतीच्या तिकिटांइतके पैसे वेगळे काढून ठेवा, ते कशासाठीही मोडू नका.

टप्पा ६: तिसऱ्या महिन्यापासून, घरकामाची नवी वाटणी

जुन्या घरातली वाटणी तिथल्या मदतीवर, नातेवाइकांवर, सवयीच्या रस्त्यांवर उभी होती. ती इथे लागू होत नाही. तरी जोडपी तीच चालवू पाहतात आणि मोकळी जागा नकळत सोबत्याच्या अंगावर येते. कारण काय, तर “तू घरीच असतोस” किंवा “तू घरीच असतेस”. हे वाक्य घरात वर्ज्य करा.

एका कागदावर घरातली सगळी कामं लिहा, दिसणारी आणि न दिसणारी. भांडी, कपडे, कचऱ्याचे वार ही दिसणारी. सरकारी पत्र वाचून त्याचा अर्थ लावणं, शाळेच्या ईमेलला उत्तर देणं, व्हिसाच्या तारखा लक्षात ठेवणं ही न दिसणारी. प्रत्येक कामापुढे एक नाव घाला. मग प्रत्येक काम दुसऱ्या माणसाने एकदा तरी स्वतः करून पाहायचं, पहिल्याने शेजारी गप्प बसून. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग आहे. जोडीदार काउंटरवर शब्द शोधत असतो, तुम्हाला तो माहीत असतो, आणि तरी बोलायचं नसतं. तीन सेकंद थांबा, बहुतेक वेळा शब्द सापडतो. तुम्ही बोललात तर काउंटरवरचा माणूस पुढचं सगळं तुमच्याकडे बघूनच बोलतो.

टप्पा ७: सोबत्याचा स्वतःचा दिवस

नोकरदाराला ऑफिसातून ओळखी, भाषा आणि दिवसाचा आकार आयता मिळतो. सोबत्याला तो घडवावा लागतो. आठवड्यातले दोन ठरलेले वार, घराबाहेर, जोडीदाराशिवाय, एवढ्यापासून सुरुवात पुरते. भाषेचा वर्ग सगळ्यात उत्तम, कारण तिथे सगळेच अडखळत बोलतात. वर्ग समोरासमोरचा घ्या. ऑनलाइन वर्गाने व्याकरण येतं, ओळखी होत नाहीत.

गाडी लागणाऱ्या गावात राहत असाल तर परवाना हे पहिल्या तीन महिन्यांचं काम समजा. आंतरराष्ट्रीय परवान्यातही भेद आहेत. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्षच चालतो, आणि जपान फक्त तोच मानतो, १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला मानत नाही. रस्त्याची बाजू बदलत असेल तर दोघांनीही दोन-तीन वेळा प्रशिक्षकासोबत चालवा. जोडीदाराला शिक्षक करू नका.

चूक: सोबत्याच्या सगळ्या ओळखी नोकरदाराच्या सहकाऱ्यांच्या घरांतून येणं. तिथे मन मोकळं करता येत नाही, कारण बोललेलं सोमवारी ऑफिसात पोहोचेल अशी धास्ती असते.

टप्पा ८: सहाव्या महिन्यानंतर, दर आठवड्याची अर्धा तास बैठक

सगळे सांगतात की पहिले दिवस अवघड असतात. अनेकांच्या बाबतीत अवघड काळ नंतर येतो. नवलाई संपलेली, कामं मार्गी लागलेली, आणि तेव्हाच एकटेपणा वर येतो. स्वेरे लिसगार या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांवरचा अभ्यास मांडला. त्यात सहा ते अठरा महिने राहिलेले लोक त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी रुळलेले आढळले. हा आलेख प्रत्येकाला लागू पडतो असं नाही, पुढच्या अभ्यासांनी ते दाखवलं आहे. पण आठव्या महिन्यात उदास वाटू लागलं तर ‘आपलं लग्नच चुकलं’ या निष्कर्षावर लगेच येऊ नका, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

बैठक अशी घ्या. वार आणि वेळ ठरलेली, फोन दुसऱ्या खोलीत, वही समोर. आधी दहा मिनिटं कामांची: कोणती पत्रं आली, कोणत्या तारखा जवळ आल्या. मग प्रत्येकी दहा मिनिटं, या आठवड्यात काय जड गेलं. दुसऱ्याने उपाय सुचवायचा नाही, मागितला तरच. नोकरदारानेही स्वतःचं सांगायचं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये विनोद कळला नाही, उच्चारावर कोणी हसलं, हे तो घरी लपवतो. मग सोबत्याला वाटतं, अडखळतोय तो आपण एकटेच.

मायदेशी करायच्या फोनचे वार याच बैठकीत ठरवा. वेळेच्या फरकामुळे एकाच्या घरच्यांचा फोन नेहमी दुसऱ्याच्या झोपेत किंवा जेवणात येतो. आणि एकमेकांची तक्रार त्या फोनवर करायची नाही, असं ठरवा. तुमचं भांडण दुसऱ्या दिवशी मिटतं, पण तिकडे ते महिनाभर राहतं.

सावधान: जोडीदार तुमचा पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवत असेल, पैसे किंवा फोन अडवत असेल, ‘व्हिसा रद्द करीन’ अशी धमकी देत असेल, तर तो जुळवून घेण्याचा प्रश्न उरत नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत घरगुती हिंसेला तोंड देणाऱ्या स्थलांतरित जोडीदारांसाठी काही स्वतंत्र कायदेशीर मार्ग आहेत. ते व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असतात, म्हणून वकिलाला किंवा हेल्पलाइनला लवकर विचारा. मूल असेल तर दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय त्याला घेऊन देशाबाहेर जाण्याआधी तर नक्कीच. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारातल्या (ॲपोस्टिलचा करार वेगळा) देशांमध्ये मूल नेहमी राहत होतं त्या देशात परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो.

टप्पा ९: दहाव्या महिन्यात, दहा-दहा दिवसांची चाचणी

व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर येण्याआधी ही एक चाचणी घ्या. दहा दिवस नोकरदाराने घराच्या एकाही कागदी कामाला हात लावायचा नाही. भाडं, बिलं, डॉक्टरची वेळ, दुरुस्तीचा फोन, सगळं सोबती बघेल. पुढचे दहा दिवस उलट: सोबत्याची नेहमीची कामं नोकरदार करेल, मुलांच्या शाळेच्या निरोपांसकट. मध्ये विचारावं लागलं तर विचारा, पण दर वेळी वहीत एक ओळ लिहा की काय विचारावं लागलं.

वीस दिवसांनी त्या ओळी वाचा. कुठे लॉगिन एकाचंच आहे, कुठे नाव जोडायचं राहिलंय, कुठला शब्द येत नाही, सगळं तिथे दिसेल. आमच्या वहीत पहिली ओळ होती: ‘टपालपेटीची किल्ली कुठे असते?’ ती नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत होती. त्याच शनिवारी आम्ही दुसरी करून घेतली.